ऐप्पसीतले आकडे

मणलतिट्टू,
३ डिसेंबर १९६१

तीर्थरूप अण्णांस,

कनकाचा नमस्कार. शिरसाष्टांग लिहायची आपल्या घरची रीत आहे, पण साडेतीन वर्षांनी लिहिते आहे, एकदम लोटांगण घातलं तर तुम्हालाच संकोच व्हायचा.

पत्र गुरुवारी मिळालं. विजयलक्ष्मीवहिनींचा गुडघा पुन्हा सुजला हे वाचून वाईट वाटलं. त्यांना सांगा, एरंडेल चोळून गरम विटेचा शेक घ्यावा आणि आवडी गावातल्या तुमच्या घराच्या थंड फरशीवर अनवाणी हिंडू नये. निवृत्तीला वर्ष उरलेलं असताना तुम्हाला वरची जागा मिळणार, ही बातमी मात्र गोड. अप्पा असते तर त्यांनी तंजावरला अर्ध्या गल्लीला साखर वाटली असती. आमच्या राघोत्तमानं मद्रासेत नाव काढलं म्हणून.

मी बरी आहे. शाळेत एकूण त्रेसष्ट मुलं होती, आता एकेचाळीस येतात. का ते पुढे लिहिते.

बेटावर सगळं ठीक ना, असं तुम्ही विचारलंत. अण्णा, बेट कुठलं? तुमच्या खात्यानं धावपट्टी लांबवायला खाडीचा पश्चिमेचा फाटा भरून टाकला, तेव्हापासून मणलतिट्टू हे नावापुरतं बेट आहे. होडी लागत नाही. भरावावरून सडक झाली, दिवसातून दोनदा बस येते. एण्णूरला उतरून काथवरायनच्या होडीची वाट बघत तुम्ही जिथं डास मारत बसायचात, तिथं आता कंडक्टर ओरडतो. मी सुद्धा बसनंच येते जाते. सोय झाली हे नाकारत नाही.

बाकीचं सांगते. गेल्या महिन्यात पाच दिवस झोडपून पाऊस लागला. इथं ऐप्पसी-कार्तिकात, दिवाळीच्या आगेमागे, पाऊस नवा नाही. वरच्या तळ्यांचं, नदीचं पाणी खाडीत उतरायचं, बेटाच्या दोन्ही अंगांनी वळसा घालून मुखातून समुद्रात जायचं. यंदा ते पश्चिमेला आलं, भरावाला थडकलं आणि मागच्या बाजूनं कोळ्यांच्या वस्तीत, कुप्पमात, शिरलं. कुप्पमची माणसं समुद्राकडे तोंड करून राहतात. पाणी आलंच तर पुढून येणार हे त्यांना ठाऊक. पाठीमागून येईल हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. नऊ दिवस पाणी हललं नाही. पासष्टपैकी एकतीस झोपड्या बसल्या. माझ्या शाळेच्या दोन खोल्यांत एकशे बारा माणसं होती. शाळेचं जोतं उंच आहे, तुमच्याच खात्यानं बांधून दिलेलं, तेव्हा तुमचे आभार मानायला हवेत.

विहिरी खाऱ्या झाल्यात. पूर्वी दोन हात वाळू उकरली की गोडं पाणी लागायचं. आता अंजलै मैलभर चालून सडकेच्या नळावरून घागर आणते. तुम्हाला अंजलै आठवते ना, काथवरायनची सून, जी तुम्हाला मुद्दाम मोठी कोळंबी दाखवून पळवायची? आता तिच्याकडे लहान कोळंबीही नसते. भरावासाठी यंत्रानं खाडीचा तळ उपसला, तेव्हा कालवं गेली. तिवरं तोडली, तेव्हा कोळंबीची पिलं गेली. थंडीत उथळ पाण्यात ते लांब पायांचे गुलाबी रोहित पक्षी यायचे. ते आता आले तर पट्टीवरचा शिपाई फटाके लावून त्यांना उडवतो, विमानाच्या पंख्यात अडकतात म्हणून. ज्यांची मुलं शाळेत येईनाशी झाली ते बाप हार्बरवर हमाली शोधायला गेलेत.

पत्राच्या तळाशी, सही झाल्यावर, तुम्ही ‘सहज आठवलं म्हणून’ विचारलंत की ती निळ्या पुठ्ठ्याची वही अजून माझ्याकडेच आहे का. साडेतीन वर्षांत बहीण आठवली नाही, वही सहज आठवली. चौकशी अधिकारी येणार हे तुम्हाला आवडीत बसून आधी कळलेलं दिसतं; आमच्याकडे नोटीस कालच लागली. अधिकाऱ्यांना एवढंच ठरवायचं आहे की भरावाआधी पश्चिमेच्या फाट्यातून पाणी वाहत होतं की नाही. वाहत होतं असं ठरलं तर भराव फोडून पाण्याला वाट करायची आणि वर पूल घालायचा. नव्हतं असं ठरलं तर कुप्पमच उठवायचं, तेरा मैल आत, लाल मातीच्या माळावर. तिथून समुद्र दिसतही नाही.

वही शोधावी लागेल. पुरात पेट्या इकडच्या तिकडे झाल्या आहेत.

वहिनींना नमस्कार.

आपली,
कनका


मणलतिट्टू,
१६ डिसेंबर १९६१

अण्णा,

नमस्कार. तुमचं पत्र रजिस्टरनं आलं. पोस्टमननं सही घेताना विचारलं, “टीचरम्मा, घरी सगळं क्षेम ना?” रजिस्टर पत्र म्हणजे कुणी गेलं, अशी इथली समजूत. मी म्हटलं, क्षेम आहे.

वही जाळून टाक, असं तुम्ही लिहिता. जाळवत नसेल तर विचारणाऱ्याला सांग की अम्माच्या लोणच्याची मापं आहेत. मोडी वाचणारं मद्रासेत आता आहे कोण, जॉर्ज टाउनातले जनकोजीमामा वाचायचे, ते तर आषाढात गेले. अण्णा, मामा गेल्याचं मला तुम्ही कळवलं नव्हतंत. वही जाळायच्या सल्ल्यात एका ओळीत ते कळलं. त्यांच्या मरणाचाही उपयोग तुम्हाला सुचला, धन्य आहे. आपल्या दोघांना बोरू धरायला शिकवला त्या माणसानं. अप्पा मोडी दफ्तरातले कारकून, पण ते चिडायचे. हात धरून गिरवून घेतलं ते मामांनी.

आणि लोणचं. अम्मानं जन्मात कधी माप घेतलं नाही, मुठीनं घालायची. तुम्हीच त्यावरून तिची थट्टा करायचात.

चौकशी बुधवारी झाली. शाळेच्या ओसरीवर टेबल मांडलं होतं. अधिकारी बाहेरून आलेले, वयस्क, सभ्य माणूस. तमिळ येत नाही, म्हणून एक कारकून दुभाषी होता. तुमच्या खात्याकडून एक तरुण इंजिनिअर आला होता. त्यानं तुमचा रिपोर्ट वाचून दाखवला. तुमचं इंग्रजी अजून तसंच छान आहे. ‘साचलेलं, मृत पाणी, प्रवाह शून्य, डासांखेरीज कशाच्याही उपयोगाचं नाही.’ खाली तारीख होती जून १९५७.

मग काथवरायनला बोलावलं. धुतलेलं उपरणं घालून आला होता. पाणी वाहत होतं का, असं विचारल्यावर म्हणाला, “अय्या, वैकासीत, भर उन्हाळ्यात, मुखावर वाळूचा बांध चढतो, तेव्हा पाणी झोपतं. ऐप्पसीत बांध फुटतो, तेव्हा माझ्यासारख्या चौघांना होडी आवरत नाही.” अधिकाऱ्यांनी विचारलं, किती वेगानं? तो म्हणाला, “एक विडा चघळून होईतो जाळ्याचा तरंगता भोपळा वडाजवळून देवळाशी जायचा.” दुभाष्यानं हे इंग्रजीत सांगितलं तेव्हा तुमचा तो तरुण इंजिनिअर हसला. अधिकारी हसले नाहीत, पण त्यांनी लिहूनही घेतलं नाही. विडा किती वेळ चघळतात हे ते कुठल्या रकान्यात भरणार? त्यांनी विचारलं, हे कुणी मोजलं होतं का? कुठे लिहिलेलं आहे का?

माझीही साक्ष झाली. पाच मिनिटांत आटोपली. त्याबद्दल पुढे कधीतरी.

पुढची तारीख दोन जानेवारी आहे. लेखी पुरावा असेल तर त्या दिवशीपर्यंत द्यायचा, नाही तर तुमच्या रिपोर्टाप्रमाणे निकाल. माळावर मोजणीच्या खुंट्या ठोकायला माणसं गेलीसुद्धा.

वही सापडली म्हणा किंवा हरवलीच नव्हती म्हणा. पेटीत, माझ्या दोन चांगल्या साड्यांच्या मधे होती. मी जाळलेली नाही. याहून जास्त आज लिहीत नाही.

कनका


मणलतिट्टू,
४ जानेवारी १९६२

अण्णा,

मागच्या पत्रात माझ्या साक्षीबद्दल एक ओळ लिहून मी पुढे गेले. तुम्हालाही तेवढ्यानं बरं वाटलं असेल, कारण तुमचं नंतरचं पत्र फार प्रेमळ आलं. पोंगलला आवडीला ये, वहिनी पुरणपोळ्या करणार आहे, बदलीचं बघतो, मद्रासेतच चांगल्या शाळेत नोकरीला लावतो. इतकी वर्षं हे प्रेम कुठं होतं ते मी विचारत नाही. ते कशाबद्दल आहे ते मला समजतं.

म्हणून आता सगळं लिहिते.

त्या बुधवारी अधिकाऱ्यांनी काथवरायनला विचारलं, हे कुणी मोजलं होतं का. तो म्हणाला, “मोजलं होतं की अय्या. माझ्याच होडीतून. एक साहेब होता, नारळ सोडायचा आणि घड्याळ बघायचा. आमची टीचरम्मा लिहून घ्यायची. तिलाच विचारा.” आणि त्यानं माझ्याकडे बोट नाही केलं, हात केला. जसं घरात कुणाला पुढे ये म्हणतो तसं.

अधिकाऱ्यांनी मला इंग्रजीत विचारलं. अण्णा, मी म्हटलं, “मला आठवत नाही.”

दुभाष्यानं ते तमिळमध्ये सांगायची गरज नव्हती, पण त्यानं सांगितलं, मोठ्यानं. ओसरीच्या खाली दोनशे माणसं बसली होती. ज्यांची पोरं मी वाचायला शिकवली ती माणसं. काथवरायननं उपरणं झटकलं आणि तो घरी गेला. दुसऱ्या दिवसापासून अंजलैनं माझ्या दाराशी पाण्याची घागर ठेवायचं बंद केलं. ती मैलभरावरून माझ्यासाठीही आणत होती, हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं.

आठवत नाही! मला तर सगळं आठवतं. सन छप्पन्नचा ऐप्पसी महिना, दिवाळी होऊन चार दिवस झालेले. तुम्ही पहिल्या पाहणीला आला होतात, मदतनीस तापानं पडला म्हणून मला होडीत घेतलंत. होडी इतकी हेलकावत होती की मला शब्द नीट काढता येईनात. तुम्ही ओरडलात, “कनके, मोडींत लिही गे, मोडींत! हात उचलूं नकोस. मी सांगतों तें घेत जा.” बोरू न उचलता लिहायची ती आपली लिपी, होडीत फार उपयोगी पडली. शंभर फुटांच्या अंतरानं दोन काठ्या रोवल्या होत्या. पहिला नारळ तुमच्या हातून सुटला तो काठी ओलांडून गेला तरी तुम्ही घड्याळाची कळ दाबलीच नव्हती. काथवरायन इतका हसला की वल्हं सुटलं. “सरी, ठीक, दुसरा नारळ दे,” म्हणालात तुम्ही, आणि तुम्हीही हसत होतात. अण्णा, तुम्ही किती आनंदात होतात त्या दिवशी! शंभर फूट, बत्तीस सेकंद. शंभर फूट, तीस सेकंद. भरतीला उलटी धार, एकेचाळीस. तुम्ही म्हणालात, “हा फाटा बुजवायला निघालेत ते वेडे आहेत. खाडीचा गळाच दाबणार.” हे तुमचे शब्द. मी लिहून घेतले नाहीत, पण विसरले नाही.

मग वैकासीत तुम्ही पुन्हा आलात. मुखावर वाळू चढलेली, पाणी निपचित. नारळ सोडला तो होडीला चिकटून राहिला. तुम्ही दोन दिवसांत मोजणी संपवलीत. मी विचारलं, “ऐप्पसीचे आकडे?” तुम्ही म्हणालात, “ते जोडणार आहे.” जाताना निळी वही माझ्या हातात ठेवलीत. “तुझ्याकडे राहूं दे.” मी तेव्हाच विचारायला हवं होतं, जी वही रिपोर्टाला जोडायची ती माझ्याकडे कशाला? पण मी विचारलं नाही. वही माझ्याकडे का ठेवलीत, याचं उत्तर मला आता कळतं. वरच्यांना हवा तो वैकासी तुम्ही त्यांना दिलात, पण मोजलेलं फाडायला तुमचा हात धजला नाही. म्हणून मला दिलीत. फाडायचं काम सुद्धा धाकट्या बहिणीवर टाकलंत.

पुढचं माझं. शेहेचाळीस कुटुंबांनी संमतीच्या कागदावर अंगठे केले, ते मी वाचून दाखवलेल्या नोटिशीवर. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, माझ्यावर भरवसा होता. एका बाईनं विचारलं, फाटा बुजला तर ऐप्पसीचं पाणी कुठं जाईल? मी सांगितलं, “माझ्या भावानं मोजलंय. काही होणार नाही.” तेव्हा बत्तीस सेकंद मला पाठ होते. पण संमती मिळाली की शाळा पक्की होणार होती, दोन खोल्या, वर गच्ची. बारा वर्षं झावळ्यांखाली शिकवलं होतं मी. मला ती शाळा हवी होती, अण्णा. तुम्हाला बढती हवी होती तितकीच मला ती शाळा हवी होती. तुम्हाला चार ओळी कडू लिहिणं सोपं आहे, म्हणून इतकी वर्षं मनात तेच लिहीत होते.

परवा दोन तारखेला मी वही घेऊन ओसरीवर गेले. नाव पुकारायच्या आधीच उभी राहिले. म्हटलं, मागच्या वेळी मी खोटं बोलले, ते आधी लिहून घ्या. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला. म्हणाले, याचे परिणाम होतील, तुम्ही सरकारी अनुदानाच्या शाळेत शिक्षिका आहात. मी म्हटलं, माहीत आहे. मग त्यांनी वही हातात घेतली, पहिलं पान उलटंच धरलं. मी सरळ करून दिलं. ही कुठली लिपी, काय लिहिलंय, कुणाला वाचता येतं? तुमचा तरुण इंजिनिअर म्हणाला, हे काहीही असू शकेल, घरातली टिपणं असतील. त्याला हे कुणी सुचवलं असेल, असं मला उगाच वाटलं. उगाच वाटलं असं समजते.

मी वाचलं, तमिळमध्ये. सगळी एकोणीस पानं. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, अंतर, सेकंद. एक आकडा मी, मग दुभाषी. दुभाष्याचा घसा बसला, मला पाणी हवं होतं, कुणी दिलं नाही. सातव्या पानावर समासात तुमच्या हातानं एक आकडा सुधारलाय, मोडीतच, आणि खाली तुमची सही आहे. इंग्रजी सही. ती मात्र सगळ्यांना वाचता आली.

अधिकाऱ्यांनी विचारलं, सही कुणाची? मी तुमचं नाव सांगितलं. पुन्हा विचारलं, तुमचं यांच्याशी नातं? तेही सांगितलं. त्यांनी लेखणी खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि ते लिहिलं.

काथवरायन शेवटच्या रांगेत होता. मी पायऱ्या उतरले तेव्हा तो वाटेतच होता. म्हणाला, “आता आठवलं?” एवढंच. मी हो म्हटलं. तो बाजूला सरला. घागर अजून आलेली नाही, येईल असं मी धरूनही चाललेले नाही. मीच जाऊन आणते, खांदा भरून येतो.

आता तुमचं. वाचणारी मी एकटी, आणि मी एकदा खोटं बोललेली. म्हणून अधिकाऱ्यांना दुसरा वाचणारा हवा आहे. मद्रासेत तो एकच आहे. एकोणीस तारखेला, सकाळी दहा वाजता, शाळेच्या ओसरीवर. समन्स तुम्हाला या पत्राच्या आगेमागे मिळेल. तुमच्यासमोर वही ठेवतील आणि वाचा म्हणतील. शंभर फूट, बत्तीस सेकंद असं तुम्ही वाचलंत तर जागा जाईल, पेन्शनलाही कात्री लागेल, वहिनी माझं तोंड पाहणार नाहीत. लोणचं वाचलंत तर माझी शाळा जाईल आणि हे कुप्पम लाल मातीवर जाऊन मरेल. तुम्ही काय वाचाल ते मला माहीत नाही. पूर्वी माहीत असायचं.

पोंगलला मी येणार नाही. मुक्कामाला माझ्याकडे उतरू नका. एका घरात राहिलो तर आपण दोघांनी मिळून ठरवलं असं म्हणतील. सकाळची बस साडेनऊला पोचते. भरावावरून येते, डाव्या हाताच्या खिडकीशी बसा. जिथं नारळ सोडले होते ती जागा तिथून दिसते. सध्या तिथं हिरवं, कुजकं पाणी आहे आणि एक उलटी होडी.

वहिनींना हे पत्र दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

तुमची धाकटी बहीण, आणि साक्षीदार क्रमांक सात,
कनका